दहा रात्रींचं अंथरूण

१६ डिसेंबर, मंगळवार

मला कोणी विचारलं नाही. सव्वीस वर्षं जळगावला झुंबरलाल शेठच्या दुकानात गाद्या शिवल्या मी. लग्नाच्या, बाळंतिणीच्या, वसतिगृहाच्या, एकदा तर एका डॉक्टरच्या कुत्र्याची. आणि आज माझ्या घरात, माझ्या नातीनं कशावर झोपायचं ते तिच्या सरांनी ठरवलं. मी पलीकडे मेथी निवडत बसले होते. समीक्षानं त्यांनी दिलेलं पिशवीतून काढलं, तोंड लावून फुगवलं, झालं.

रबरी पिशवी आहे. वरून कापड, निळं. समीक्षा म्हणते, "आजी, आत स्पंज आहे आणि हवापण." दोन्ही कशाला? ज्याचा स्पंजवर भरवसा आहे तो हवा कशाला भरेल?

ही वही बियाण्याच्या कंपनीची, मागच्या सालची. हितेंद्रला कोणीतरी दिली होती, कोरी पडली. छापलेले वार जुळत नाहीत, खोडून लिहिते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं पुरतं. तोंडानं बोललं की घरात वाद होतो, म्हणून इथं.

काय चाललंय ते नीट लिहून ठेवते. समीक्षा नऊ जानेवारीला शिरपूरच्या पुढं सातपुड्यात जाणार. एक संस्था आहे. ते लोक डोंगरातले झरे मोजतात—कुठला हिवाळ्यात वाहतो, कुठला आटला. दिवसा चालायचं, रात्री जमिनीवर झोपायचं. दहा रात्री पुऱ्या केल्या की वर्षभराचं काम. दिवाळीनंतर एकदा गेली होती. दुसऱ्याच दिवशी परत आली. पाठ धरली म्हणाली. मागच्या साली फैजपूरच्या रस्त्यावर स्कुटीवरून पडली होती, महिनाभर पट्टा बांधून होती. त्यांचे प्रमुख धम्मपाल सर. ते म्हणाले, जानेवारीत अजून एकदा ये, माझी मॅट घेऊन जा, सवय कर. पण ह्या वेळी मधूनच उतरलीस तर नाव कापावं लागेल. आणि हितेंद्र, तिचा बाप, माझा मुलगा, म्हणतो तसं झालं तर जळगावला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा आणि परत डोंगराचं नाव काढायचं नाही.

म्हणजे सगळं आलं पाठीवर. पाठ आली अंथरुणावर. आणि अंथरुणाचं मला कोणी विचारलं नाही.

१७ डिसेंबर

दुपारी घरात कोणी नव्हतं. त्या पिशवीवर पडून पाहिलं. कूस बदलली की वाजते, कुरडयांचा डबा हलवल्यासारखी. आणि माणूस घसरतो. समीक्षाही सकाळी म्हणाली, "रात्री दोनदा फरशीवर आले."

घसरणारच. एक टाका नाही तिला.

१८ डिसेंबर

हातून घडलं ते लिहिते. लपवून काय करू, सगळ्या घराला माहीत आहे.

कोणतीही गादी घ्या, तिला टाके लागतात. नाहीतर आतला माल एका जागी राहत नाही. पायाकडे गोळा होतो, मधे खड्डा पडतो, माणूस घसरतो. हे मी मेले तरी विसरणार नाही. आत स्पंज आहे असं तिनंच सांगितलं होतं. फोमच्या गाद्यांनाही टाके मारलेत मी, वर खोळ घट्ट बसते. पिशवी सकाळी हवा काढून सपाट पसरलेली होती. दाभण काढलं, दोरा मेणावरून ओढून घेतला, तीन ओळी, ओळीत चार. बारा टाके. प्रत्येकावर चिंधीची गाठ. इतकं सरळ काम माझ्या हातून पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. दिसायला लागली एकदाची गादी.

संध्याकाळी समीक्षा आली, तोंड लावलं आणि फुगवायला बसली. फुगवत राहिली. परत फुगवली. मग तिनं कान लावला. मग गाठी दिसल्या.

"आजी, हे काय केलंस तू?"

"टाके मारले. आता घसरणार नाहीस."

ती एकेक गाठ बोटानं मोजत गेली. प्रमिला—माझी सून—स्वयंपाकघरातून आली, बघितलं, तोंडाला पदर लावून परत गेली. हसायलाच गेली ती. मला ऐकू आलं.

दुसऱ्याची वस्तू आहे. मला ते बरं वाटलेलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या अभिमनकडे गेलो. तीस वर्षं पंक्चर काढतो, ट्रकची ट्यूब सोडत नाही. त्यानं टाके उसवले, हवा भरली, टबात दाबली. बारा ठिकाणी बुडबुडे, तीन सरळ ओळींत. त्यानं दाढी खाजवली.

"अक्का, हाई ट्यूब नई. बठ्ठी चायनी शे."

समीक्षा म्हणे, "नाही हो काका, सर म्हणाले भारतातच बनते."

मी म्हटलं, अगं चायनी म्हणजे चाळणी. धुळ्यात जन्मली आणि चाळणी कळत नाही हिला. अभिमन इतका हसला की पंप सुटला त्याच्या हातातून.

सात भोकं बुजली. पाच कडेच्या जोडाजवळची, तिथं ठिगळ धरत नाही. अभिमन म्हणे शिलाई मात्र झकास होती अक्का, उसवताना बोट दुखलं. मी त्याला म्हटलं, तेवढंच सरांना सांग.

२० डिसेंबर

हितेंद्र खूश. "चला, विषय संपला," म्हणाला आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

माझ्या दाभणानं तिचा विषय संपला असं मी होऊ देणार नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

समीक्षाला समोर बसवलं. म्हटलं, हवेचं सोड. दाभण मारलं तरी मरणार नाही असं काय मिळतं, ते दाखव. तिनं मोबाइलवर दाखवलं. फोमच्या पट्ट्या, गुंडाळायच्या, नाहीतर घडी करायच्या. फुगवायचं नाही, फुटायचं नाही, काटा गेला तर गेला. लोक त्या पाठीवरच्या पिशवीला बाहेरून बांधतात, कारण आत मावत नाहीत. वजन म्हणे नसल्यासारखं.

मग ती म्हणाली, "आजी, प्रत्येक मॅटला एक आर असतो."

मी म्हटलं, आर बैल टोचायच्या काठीला असते. गादीला आर असेल तर तिच्यावर झोपणार कोण?

हसून आडवी झाली. आर म्हणजे इंग्रजी अक्षर. पुढं आकडा असतो. आकडा मोठा, तर जमिनीचा गारठा वर कमी येतो. म्हटलं मऊपणाचा आकडा? त्याला आकडाच नाही म्हणे. मला आधी खोटं वाटलं. आम्ही सगळी वर्षं मऊ का कडक एवढंच विचारलं गिऱ्हाइकाला. गार का गरम कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना खाली खाट होती.

पण विचार करत बसले, तर ते मला माहीत होतं. ताज्या पिंजलेल्या कापसात हात घातला की आत ऊब लागते. त्याच कापसाची दहा वर्षांची दबलेली गादी, फरशीसारखी गार. कापूस तोच. मधली हवा गेलेली. म्हणजे ऊब कापसाची नसते, अडकलेल्या हवेची असते. फोमात ती हवा बारीक बारीक कोंडलेली. सरांच्या पिशवीत ती मोकळी एका खोलीत, एक भोक पडलं की सगळी पळते. समीक्षाला हे सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, हे नेमकं असंच लिहिलंय इथं."

लिहिलं असेल. मी शिवलंय.

अजून एक सांगितलं तिनं—एकावर एक दोन टाकले तर आरची बेरीज होते. हे मला फार आवडलं. झोपेपर्यंत तेच डोक्यात होतं.

२४ डिसेंबर, बुधवार

जळगावला जाऊन आलो, एसटीनं, मी आणि समीक्षा. झुंबरलाल शेठ गेले त्याला नऊ वर्षं झाली. आता नातू पुनीत दुकान बघतो. कापूस कुठेच नाही. भिंतीला फोमच्या लाद्या उभ्या, छतापर्यंत. शेठचा फोटो मधे, हार घातलेला, तेवढाच जुना माल.

पुनीत उठून उभा राहिला, पाया पडला. खुर्ची दिली. मग सुरू झाला. "अक्का, दादाजी म्हणायचे, नर्मदाबाईचा टाका कापला तरी निघत नाही."

"भोक न ठेवता निघाला असता तर आज तुझ्याकडे आले नसते."

समीक्षानं त्याला बारा टाक्यांची गोष्ट सांगून टाकली. नोकर पण जमले ऐकायला. पुनीत डोळे पुसत म्हणाला, "अक्का, आता हातानं टाके कोण मारतं? मशीन मारते."

"मग मशीनला विचार माझ्या नातीला काय द्यायचं."

तेव्हा त्यानं माल काढला. तीन तुकडे. पहिला पांढरा, टीव्हीच्या खोक्यात येतो तसा. दुसरा पिवळा, सोफ्याचा, गुबगुबीत. तिसरा करडा, दाट, वर अंड्याच्या ट्रेसारखे खळगे, आणि पेटीच्या भात्यासारखा मिटतो. तो म्हणे डोंगरवाल्यांसाठीच येतो, पुण्याची पोरं मागवतात.

मी अंगठा दाबला. दहा मोजले. सोडला. पांढऱ्यावर खड्डा तसाच राहिला, माझ्याकडे बघत. पिवळ्यात अंगठा थेट टेबलापर्यंत गेला. करड्यानं अर्ध्या वाटेत अंगठा अडवला आणि सोडल्यावर हळूच वर आला, चांगल्या कापसासारखा. पुनीत म्हणाला, "हे आम्ही यंत्रानं मोजतो अक्का." मग त्यानंही अंगठा दाबून पाहिला. दोनदा.

तिन्हीचे तुकडे घरी आणलेत. घेण्याआधी घरी बघणार. पुनीत म्हणाला, "जे आवडेल ते फोनवर सांगा, बसमधे टाकून देतो."

येताना समीक्षा खिडकीशी झोपली. मान वाकडी, गुडघे समोरच्या सीटला, खड्ड्यात बस आदळते तरी जाग नाही. मी तिची पाठ बघत आले.

२५ डिसेंबर

आजचा दिवस मजेत गेला.

पहिलं—पाणी. तिन्ही तुकडे बादलीत, वरून तांब्या ठेवून दाबले. तासाभरानं काढले. पिवळा अर्धी बादली प्यायला होता, पिळला तर धार लागली. पांढरा कोरडा. करडा कोरडा, वरचं पाणी झटकलं की झालं. दव पडतं डोंगरात. पिवळा बाद.

दुसरं—भार. पांढऱ्यावर आणि करड्यावर आता रात्रभर एकेक वरवंटा उभा, एक शेजारचा. सकाळी बघू.

तिसरं—गारठा. फ्रिजमधला सगळा बर्फ परातीत पसरला, वर तुकडे, तुकड्यांवर हात. एका हाताखाली पांढरा, दुसऱ्याखाली करडा. समीक्षा मोबाइलवर वेळ लावून बसली. प्रमिला बघायला आली, म्हणे, "आई, सरबताला बर्फ ठेवला होता." पौषात सरबत कोण पितं? मग तीही हात टेकून बसली. तिघी बायका परातीभोवती. पांढऱ्यातून सहाव्या मिनिटाला गार लागायला लागलं. करड्यातून अकराव्या. करडा मिटून दुहेरी ठेवला तर अर्ध्या तासात काही नाही, बर्फाचंच पाणी झालं.

हितेंद्र वर्कशॉपातून आला, परात बघितली. "कोण आजारी आहे?" त्याला वाटलं कोणाच्या डोक्यावर पट्ट्या ठेवतोय. इतका दचकलेला मी त्याला पुष्कळ दिवसांत बघितला नाही.

२६ डिसेंबर

पांढऱ्याचा पापड झाला. करड्यावर फक्त गोल डाग, दुपारपर्यंत तोही गेला.

पुनीतला फोन. करडा पाठव. एक पूर्ण आणि एक अर्धा.

२८ डिसेंबर, रविवार

अर्धा कशाला, ते समीक्षानं विचारलं. म्हणून तिला घेऊन शेजारच्या बांधकामावर गेले. ओली रेती होती, वॉचमनला सांगून एक वाफा सपाट केला. म्हटलं, झोप इथं.

शेठच्या दुकानात अवघड गिऱ्हाईक आलं की आम्ही त्याला मोकळ्या कापसावर झोपवायचो. उठलं की बघायचं कुठं दबलंय. तिथं एक मूठ कापूस जास्त भरायचा. त्याला ठसा घेणं म्हणायचे. बायांचा ठसा मी घ्यायची, पुरुषांचा शेठ स्वतः.

समीक्षा आधी पाठीवर झोपली, मग कुशीवर. खांदा आणि कंबरेचं हाड, दोन खोल खड्डे, बाकी अंग नुसतं टेकलेलं. म्हणजे अर्धा तुकडा खांद्यापासून मांडीपर्यंत, पायाखाली नको. पायाला बेरीज लागत नाही. तेवढंच ओझं कमी.

हे झालं. पण दुसरं एक दिसलं.

ती उठली कशी, ते मी बघितलं. कुशीवरून सरळ उभी, हात न टेकता, आणि रेती झटकत हसत होती. पाठ धरलेलं माणूस असं उठत नाही. ते आधी पालथं होतं, मग हात टेकतं, मग एक गुडघा, मग कुठंतरी धरतं. हजार माणसं उठताना बघितलीत मी.

असेल, बरी झाली असेल. दीड महिना झाला.

३० डिसेंबर

फोम काल आला, एसटीच्या पार्सलमधून. रात्री समीक्षा गच्चीवर झोपली, सवय म्हणून. अंथरूण मी घातलं.

एक लबाडी केली. करडा घातलाच नाही. तो पापड झालेला पांढरा होता ना, पुनीतकडून त्याची पूर्ण शीटच आलेली, करड्याभोवती गुंडाळून. ती घातली, वर चादर. खाली रेतीच्या ढिगातली मूठ-दोन मुठी खडी.

सकाळी साडेसहाला वर गेले. ती उठून गच्ची झाडत होती. वाकून.

"झोप लागली?"

"मस्त. खालून गारठा आला थोडा. टोचत पण होतं काहीतरी."

"पाठ?"

"पाठीला काय?"

मग तिचं तिलाच कळलं काय बोलली ते. झाडू जोरात मारायला लागली. मी विचारलं, दिवाळीनंतर कशानं परत आलीस? "पाठीनंच आजी, तेव्हा दुखत होती." माझ्याकडे बघून नाही बोलली.

घाबरून आली का? तिथं कोणी काही बोललं? जनावर दिसलं? दिवसभर हेच. विचारलं तर सांगणार नाही, ती माझ्यावर गेलीय.

१ जानेवारी, गुरुवार

अंथरूण पक्कं झालं. करडा पूर्ण खाली, खळगे वर. अर्धा त्यावर, खांद्यापासून मांडीपर्यंत. जुन्या स्कूलबॅगचे पट्टे काढले, त्यांनी दोन्ही एकत्र बांधले, घडीसकट मिटतं. दाभणाला हातसुद्धा लावला नाही. समीक्षानं मुद्दाम माझा शिवणाचा डबा माळ्यावर ठेवलाय.

रात्री जेवताना हितेंद्रनं काढलंच. तिकडं थंडी किती, दवाखाना किती लांब, पाठ परत गेली तर उचलून कोण आणणार. समीक्षा ताटात बघत होती. मी म्हटलं तिची पाठ माझ्या-तुझ्यापेक्षा बरी आहे, मी तपासलीय.

"माय, तू बोलू नको. पोर मनी शे." रागावला की अहिराणीत शिरतो, पोर माझी आहे म्हणे.

"आन तू कोना शे?"

प्रमिलानं वरणाचं पातेलं मधे ठेवलं. पण तो थांबला नाही. स्कुटीवरून पडली तेव्हा फोन मला आला होता, म्हणाला. तुम्हाला नाही. फैजपूरहून कोणीतरी अनोळखी माणूस, "तुमची मुलगी रस्त्यावर पडलीय" एवढंच, आणि फोन कट. हा तसाच निघाला, भुसावळ येईपर्यंत तो नंबर परत लागला नाही. "त्या दोन तासांचं कोणाला काय माहीत?"

हे त्यानं आधी कधी सांगितलं नव्हतं. ते बरोबर होतं त्याचं.

पण म्हणून पोरगी बँकेत बसवायची का, हे माझं पण बरोबर आहे.

३ जानेवारी

उद्या धम्मपाल सर मॅट न्यायला येणार. समीक्षा म्हणते, आजी, मी सांगते त्यांना, माझ्याकडून झालं म्हणते. मी बजावलं, टाके माझे आहेत, बोलणार मी. तू आत बसायचं.

प्रमिलाला शिरा करायला सांगितलाय. भोकं असली तरी पाहुणा आहे.

४ जानेवारी, रविवार, दुपार

धम्मपाल तिशीचा, काटक. जय भीम करून बसला. पिशवी पुढं ठेवली, सगळं सांगितलं. त्यानं सात ठिगळं मोजली, पाच भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजी, चार वर्षं जंगलात वापरली, साळिंदरानं नाही केलं ते तुम्ही केलं." रागावला नाही. करडा दाखवला तर उलगडून त्यावर झोपलाच, हॉलमधे, टीव्हीसमोर. उठून म्हणाला, "कंबरेला दुप्पट ठेवायचं आम्हाला सुचलं नाही. आमच्या टीमच्या आठही जणांना असंच करतो."

हितेंद्र तिथंच होता. सगळं ऐकलं.

४ जानेवारी, संध्याकाळ

दारापर्यंत सोडायला गेले तर धम्मपाल बूट घालता घालता म्हणाला, "आता तब्येत बरी ना तुमची? त्या वेळी हितेंद्रभाऊंचा फोन आला, आजी सिरियस आहे, लगेच पाठवा म्हणून. पहाटे तीन किलोमीटर धावत उतरली पोरगी."

मला दिवाळीनंतर साधी सर्दीसुद्धा झालेली नाही.

मागं वळून बघितलं. हितेंद्रनं रिकामा कप तोंडाला लावला होता. समीक्षा स्वयंपाकघराच्या दारात, मानेनंच नको नको म्हणत. बाप खोटा पडू नये म्हणून पाठ दुखवून घेतली हिनं, दोन महिने. आणि मी अंथरूण शोधत होते.

धम्मपालला परत आत बोलावलं. त्याच्या मोबाइलमधे माझा नंबर घालायला लावला, सगळ्यांच्या समोर. म्हटलं, नऊ तारखेपासून दहा रात्री नर्मदाबाईला बरं नाही असा कोणाचाही फोन आला, तर पोरीला सांगायच्या आधी मला लावायचा. हितेंद्रनं उचलला तर ठेवून द्यायचा. प्रमिलानं उचलला तरी ठेवायचा.

तो म्हणाला, "आणि आजी, खरंच बरं नसलं तर?"

तरी मीच सांगेन. माझं दुखणं आहे. उत्तर मीच द्यायचं.